प्रश्नचिन्हांची पानं

रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात मी कम्प्युटर बघायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पदाचं नाव 'इन-चार्ज' होतं, पण माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. बिलिंगचा प्रिंटर अडला, डॉक्टर पासवर्ड विसरले, एक्स-रे वरच्या मजल्यावर दिसेनासे झाले की मला बोलावणं यायचं. माझं टेबल तळमजल्यावर मागच्या बाजूला, रेकॉर्ड रूममध्ये होतं. जुन्या केसपेपरांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आणि त्यांच्या मधोमध मी. सर्व्हरही तिथंच ठेवला होता, कारण एसी होता. सर्व्हर म्हणजे बिलिंगवरून निवृत्त झालेला एक साधा कम्प्युटर.

तो एसी गळायचा. गळती बघायला आले ते मेंटेनन्सचे काका. साठीला टेकलेले, खाकी शर्ट, वरच्या खिशात टेस्टर आणि तंबाखूची डबी. कुहीकडच्या एका खेड्यातले. दवाखान्याचा पाया खोदला तेव्हा ते तिथं मजूर होते, मग प्लंबरच्या हाताखाली लागले, मग वायरमनच्या, आणि शेवटी सगळंच त्यांच्याकडे आलं. इमारत तीनदा वाढवली होती. दरवेळी ठेकेदार वेगळा. नकाशे होते, पण नकाशातली पाइप आणि भिंतीतली पाइप यांचा एकमेकींशी संबंध उरला नव्हता. खरी इमारत काकांच्या डोक्यात होती.

हे मला कळलं ते एका मे महिन्यात. चौथ्या मजल्यावर भिंतीतली लाइन फुटली आणि पाणी बायकांच्या वॉर्डात शिरलं. सिस्टर लोक चादरी टाकून पाणी अडवत होत्या, पलंग ओढून बाहेर काढत होत्या. दवाखान्याचा कारभार बघणारे अ‍ॅडमिन साहेब पँट गुडघ्यापर्यंत वर करून कॉरिडॉरमध्ये उभे होते आणि जो दिसेल त्याच्यावर ओरडत होते. काका त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. त्यांचा नंबर फक्त माझ्याकडे निघाला, एसीच्या गळतीमुळे.

फोन लागला तेव्हा तिकडे बँड वाजत होता.

"मागच्या जिन्याखाली जा," काका म्हणाले. "लाल मुठीचा वॉल दिसते का?"

"दिसतो."

"त्याले हात नका लावू. तो दुसऱ्या लाइनचा हाय. त्याच्या मागं हात घाला. गंजलेला एक हाय."

मी हात घातला. होता.

"डावीकडं फिरवा."

"काका, बंद करायचाय. उघडायचा नाही."

"मले माहीत हाय. उलटा बसवला हाय तो. डावीकडं फिरवा म्हणतो ना."

फिरवला. वरचं पाणी थांबलं. काकांनी विचारलं, "थांबलं?" मी हो म्हटलं, तर म्हणाले, "मंग ठेवतो. अक्षता पडून राहिल्या," आणि फोन बंद झाला.

ते परत आल्यावर मी विचारलं, असे उलटे-सुलटे आणखी किती वॉल आहेत. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, एक हात संपला, दुसरा संपला, मग थांबले. "लय हाय, मॅडम. मोजून काय होते?"

मला तेव्हा वाटलं, लिहून ठेवावं. वहीत नको, वही हरवते. फाइल नको, फाइल एकाच्या कम्प्युटरवर अडकते. मी विकी बसवायचं ठरवलं. इंटरनेटवरचा मोठा ज्ञानकोश जसा कोणीही वाचावा आणि कोणीही दुरुस्त करावा, तसंच, पण आपल्या इमारतीत, आपल्या मशीनवर चालणारं. हे सॉफ्टवेअर कोणालाही उतरवून घेता येतं. बसवायला मात्र तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी नुसतं पांढरं पान दिसायचं. चूक नाही, सूचना नाही, काहीच नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनाच माहीत, त्या पांढऱ्या पानाइतकी चीड लाल अक्षरांच्या चुकीची येत नाही. दुसऱ्या रविवारी कळलं की एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगी दिलीच नव्हती. तिसऱ्या रविवारी मराठी शोध लागेना; 'पाणी' शोधलं तर 'काही सापडलं नाही' असं उत्तर. तेही सुटलं. मी एकटीच्या आनंदात नंदनवन भागातल्या घरापर्यंत स्कूटी चालवत आले आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. जेवून घे."

पुढची दीड-दोन वर्षं दुपारी तीनच्या सुमाराला काका रेकॉर्ड रूममध्ये यायचे. त्या वेळी दवाखाना जरा सुस्त असतो. ते बोलायचे, मी टाइप करायची. आधी फोनवर बोलून टाइप करायचा प्रयोग केला. फोनला काकांची भाषा कळेना. ते म्हणाले "काहून चालून नाही राहिला", तर फोननं त्याचं काहीतरी हिंदी करून ठेवलं. काका हसून हसून खोकले. मग मीच लिहायला लागले.

सुरुवातीला मी शहाणपणा करायची. ते बोलायचे आपल्या बोलीत, मी लिहायची पुस्तकी मराठीत. एकदा वाचून दाखवलं: "सदर झडप सावकाश बंद करावी."

"हे मी नाही बोललो," काका म्हणाले.

"अर्थ तोच आहे, काका."

"मी बोललो, हळू फिरवजो, नाहीतर वरची लाइन धाडकन मारते. धाडकन कुठी गेलं यातलं?"

धाडकन परत आलं. त्यानंतर मी त्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवले. पानांची नावंही त्यांचीच होती. 'पाचव्या माळ्यावर गरम पाणी काहून येत नाही.' 'जनरेटर चालू होते पण लिफ्ट हालत नाही.' 'ऑक्सिजनच्या खोलीत घाई नाही करायची.' प्रत्येक पानावर मी फोटो लावायची. फोटोत बहुतेक वेळा काकांचा अंगठा यायचा, कारण ते वॉल दाखवायला बोट ठेवायचे आणि काढायला विसरायचे. दोनशेच्या वर पानं झाली. रात्रपाळीचे वॉर्डबॉय, लिफ्टवाले, सिस्टर लोक ती वाचायला लागले. एका सिस्टरनं तर स्वतः एक पान लिहिलं, आयसीयूतल्या पलंगाचं चाक कसं काढायचं त्याचं. काकांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. एक स्क्रू सांगायचा राहिला."

मी हे इतकं खुलवून सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात होता.

बाहेरून तपासणीला समिती आली. अ‍ॅडमिन साहेबांनी मला सांगितलं, ते तुमचं विकी दाखवा. मी दाखवलं. मोठ्या पडद्यावर, मीटिंग हॉलमध्ये. नवी साडी नेसले होते. समितीतल्या बाई म्हणाल्या, असं त्यांनी कुठल्या दवाखान्यात पाहिलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. काका हॉलच्या बाहेर, पंख्याचा रेग्युलेटर बदलत होते. त्यांना आत बोलवावं असं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण खाकी शर्टावर ग्रीसचे डाग होते आणि मी म्हटलं, नंतर सांगू.

दोन महिन्यांनी काकांचा करार संपत होता. दरवर्षी संपायचा आणि दरवर्षी वाढायचा. त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये त्यांचा कम्प्युटर बघत होते. एचआरच्या बाई करारांची फाइल घेऊन आल्या.

"यांचं काय करायचं, सर?" त्यांनी काकांचा कागद पुढं केला.

"वय झालं ना त्यांचं," साहेब म्हणाले. "आणि आता अडतं कुठं? सगळं कम्प्युटरमध्ये आलंय. हो ना, मॅडम?"

प्रश्न मला होता. केबिनच्या दाराला काच होती आणि काचेच्या पलीकडे काका उभे होते, शिडी खांद्यावर घेऊन. ऐकू जात होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "हो, बरंचसं आलंय."

बस. एवढंच बोलले. नाही म्हणता आलं असतं. म्हणता आलं असतं की कागदावर वॉल कुठं आहे ते येतं, तो फिरवताना मनगटाला काय लागतं ते येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ते विकी माझं होतं, ती स्तुती माझी होती, आणि 'नाही' म्हणणं म्हणजे माझंच काम अर्धवट आहे असं कबूल करणं होतं.

निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्ये झाला. शाल, नारळ, समोसे. त्याच कार्यक्रमात मला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून फ्रेम केलेलं प्रमाणपत्र दिलं, वेगळा कार्यक्रम कशाला म्हणून. साहेब भाषणात म्हणाले, "काका कुठंही जात नाहीत. काका आपल्या सर्व्हरमध्ये आहेत." लोक हसले. काकाही हसले. त्यांनी शाल घडी करून काखेत धरली होती, कारण एप्रिल होता आणि कँटीनमध्ये जीव उकडत होता. जाताना त्यांनी मला चाव्यांचा जुडगा दिला आणि म्हणाले, "यातली पितळी चावी कशाचीच नाही. पण फेकू नका."

पुढं दीडएक वर्ष विकी चाललं. मी त्याला हात लावला नाही आणि तीच चूक वाढत गेली. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या येत होत्या, मी पुढं ढकलत होते. चाललंय ना, मग चालू दे. शेवटी एक पत्र आलं. दवाखान्यातल्या सगळ्या कम्प्युटरांची सुरक्षा तपासणाऱ्या लोकांनी लिहिलं होतं की या जुन्या आवृत्तीत भोक आहे, बाहेरचा माणूस त्यातून आत येऊ शकतो, ताबडतोब अपग्रेड करा. त्याच सुमाराला जुनं मशीनही घरघर करायला लागलं होतं. नवं मागवलं. शनिवारी कंपनीचा माणूस नवं घेऊन येणार आणि जुनं परत नेणार असं ठरलं.

शुक्रवारी मी जुन्या मशीनवरून विकीचा सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये काढला आणि पेनड्राइव्हवर घेतला. फाइल उघडून पाहिली. आत देवनागरी नव्हती. टोपीवाले, शेपटीवाले कुठल्या तरी युरोपियन लिपीचे a आणि c दिसत होते, ओळीच्या ओळी. मला वाटलं, डेटाबेस आतून असाच दिसत असेल. फाइलचा आकार बरोबर होता. मी समाधान मानलं.

शनिवारी कंपनीच्या माणसानं एक फॉर्म समोर ठेवला. जुन्या मशीनमध्ये पेशंटची माहिती होती, म्हणून नेण्याआधी त्याची डिस्क कायमची पुसली जाईल आणि त्याला माझी संमती आहे, असा. नियम चांगलाच होता. मी सही केली. तारीखही टाकली.

रविवारी सकाळी दहाला बसले. नवीन मशीन, नवीन आवृत्ती. पहिलं पांढरं पान आलं, ते मी ओळखलं, निस्तरलं. मग सूचना आली की तुमचा डेटा फार जुना आहे, इतकी मोठी उडी मारता येणार नाही, आधी मधल्या आवृत्तीवर जा. मधली आवृत्ती शोधली, बसवली. तिला आणखी एक मधली हवी होती. प्रत्येक पायरीनंतर मी काळजीनं बॅकअप घेत होते. पेनड्राइव्हवर, त्याच नावानं, आधीच्यावर. माझी सवयच होती ती, टेबल नीट ठेवायची.

दुपारी एकला विकी उघडलं. पानं होती, सगळी. पण प्रत्येक पानावर तीच टोपी-शेपटीवाली अक्षरं. काकांचं एकही वाक्य वाचता येईना.

आज मला माहीत आहे की त्या क्षणी काहीही गेलं नव्हतं. अक्षरं शाबूत होती, फक्त मशीन ती चुकीच्या लिपीत वाचत होतं. एक सेटिंग बदलली असती तर सगळं जागेवर आलं असतं. उठून हात धुवून यावेत, डबा खावा, सोमवारी कोणाला तरी विचारावं, इतकंच करायचं होतं. पण मला ते विचित्र दिसणं सहन होईना. मी इंटरनेटवर शोधलं. एका ठिकाणी कोणीतरी नेमका हाच त्रास लिहिला होता आणि खाली एकानं एक आज्ञा, म्हणजे कमांड, दिली होती, ही चालवा, झालं. खाली बऱ्याच जणांनी त्याचे आभार मानले होते. मी ती चालवली. दोन मिनिटं लागली. 'यशस्वी' असं आलं. सवयीप्रमाणे आधी बॅकअप घेतला, त्याच नावानं, आणि मग पान उघडलं.

प्रश्नचिन्हं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मी दुसरं पान उघडलं, दहावं उघडलं, पन्नासावं उघडलं. सगळीकडे प्रश्नचिन्हं. इंग्रजी आकडे तेवढे वाचले होते, कारण ते वेगळ्या तऱ्हेनं साठवले जातात. त्यामुळे चार-पाच प्रश्नचिन्हं, मग 3, मग पुन्हा प्रश्नचिन्हं, मग 2, असं काहीतरी दिसत होतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागाही तशाच होत्या. म्हणून काही वाक्यं मला लांबीवरून ओळखता येत होती. एका ठिकाणी तीन लहान शब्द, मग एक मोठा, आणि मला पक्कं माहीत होतं की हे 'धाडकन'चं वाक्य आहे. आणि फोटो होते. गंजलेले वॉल, काळपट मीटर, आणि प्रत्येकात कोपऱ्यात काकांचा अंगठा.

सोमवारी मी कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, डिस्क तर शनिवारीच क्लीन झाली. आपली सही आहे."

मंगळवारी साहेबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फोनमध्ये बघत म्हणाले, "मग काकांना फोन करा, पुन्हा लिहून घ्या. त्यात काय?"

काकांनी फोन उचलला नाही. दोनदा, तीनदा. मग एका शनिवारी मी एसटीनं कुहीला गेले आणि तिथून ऑटोनं त्यांच्या गावी. नोव्हेंबर होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. घर सापडायला वेळ लागला नाही. सिमेंटचं, दोन खोल्यांचं, दारात नळ. काकू अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"तुमीच का कम्प्युटरवाल्या मॅडम?"

"हो."

"ते बांधीत हायेत, धानाच्या वावरात. बसा. बोलावतो."

काका आले ते पायांना चिखल घेऊन. खाकी शर्ट तोच होता, टेस्टर नव्हता. नळावर पाय धुतले, माझ्यासमोर खाटेवर बसले. काकूंनी काळा चहा दिला. मी धान कसं आहे विचारलं. ते म्हणाले, बरं आहे.

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. फाइल, फॉर्म, आज्ञा, प्रश्नचिन्हं. सांगताना कधी मी पुस्तकी मराठी सोडून दिली ते मला कळलं नाही. शेवटी म्हटलं, "माझ्याच हातानं पुसलं गेलं, काका. मले समजलंच नाही."

ते काही वेळ हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. "म्हणजे आता मी सर्व्हरमध्ये बी नाही."

"नाही."

"मंग कोठी हाव वं मी, बाई?"

मी कपातला उरलेला चहा संपवला.

"साहेबानं पाठवलं?"

"हो. पण मी स्वतःही आले असते."

"असन." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एक सांगा. ज्या दिवशी माह्या कागदाचं चाललं होतं, तुमी केबिनमध्येच होत्या ना?"

"होते."

"मी काचेतून पाहून राहिलो होतो. साहेबानं तुमाले काहीतरी विचारलं. तुमी काय म्हणल्या?"

मला खोटं बोलता आलं असतं. काच जाड होती, त्यांना ऐकू गेलं नव्हतं, हे आता स्पष्ट होतं. ते खरंच विचारत होते.

"हो म्हटलं. बरंचसं आलंय म्हटलं."

काकू सूप थांबवून ऐकत होत्या. मग त्यांनी सूप पुन्हा चालू केलं, आधीपेक्षा जोरात.

"मले वाटलं होतं तुमी भांडल्या असान," काका म्हणाले. "घरी बी तसंच सांगितलं हिले. का मॅडम भांडल्या, पण ऐकलं नाही कोणी."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही आणि नाकारलीही नाही. उठले, आत गेले, एक जुनी वही आणि पेन घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवली.

"ऑक्सिजनचं सांगतो. तेवढंच. लिहा."

मी फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं. "नाही. हातानं लिहा."

त्यांनी सांगितलं. कुठला सिलिंडर संपत आला की आधी काय बघायचं, कुठल्या दोन वॉलना एकाच वेळी हात लावायचा नाही, आवाज कसा आला म्हणजे गळती आणि कसा आला म्हणजे नुसती हवा. त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. एका ठिकाणी मी क्रम चुकवला, तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं, शाळेतल्यासारखं.

"आणि पाण्याचं? जनरेटरचं?" मी विचारलं.

"ते नाही सांगत."

"काहून, काका?"

"पाणी नाही आलं तर साहेबाची आंघोळ राहीन. ऑक्सिजन नाही आला तर पेशंट मरन. पेशंटचा काय गुन्हा हाय?" ते उभे राहिले. "जा आता. चारची गाडी सुटन."

लिहिलेली पानं मी वहीतून फाडून घेतली. काकू दारापर्यंत आल्या नाहीत.

दवाखान्यानं नंतर बाहेरची एक संस्था आणली. त्यांच्या लोकांनी महिनाभर इमारतीत फिरून वॉलना क्रमांक लावले आणि एक तयार ऑनलाइन व्यवस्था आणून दिली. तिच्यात सगळं इंग्रजीत आहे. बहुतेक पानांच्या शेवटी एकच ओळ येते, मेंटेनन्स विभागाशी संपर्क साधा. मेंटेनन्स विभागात एजन्सीची माणसं असतात, दर तीन महिन्यांनी बदलणारी. ऑक्सिजनचं पान मी काकांच्या शब्दांत मराठीतून टाकलं होतं. संस्थेनं ते इंग्रजीत केलं. मी ते वाचलं, क्रम बरोबर होता. 'घाई नाही करायची' हे मात्र काढून टाकलं होतं, त्यात तांत्रिक माहिती नाही म्हणून. मी ते हातानं लिहून ऑक्सिजनच्या खोलीत चिकटवलं. भिंती रंगवल्या तेव्हा तेही गेलं. मी पुन्हा चिकटवलं.

मी अजून तिथंच आहे. प्रमाणपत्राची फ्रेम साहेबांच्या आग्रहानं माझ्या टेबलामागं लावली होती. ती मी काढून केसपेपरांच्या गठ्ठ्यामागं ठेवली, कोणाच्या लक्षात आलेलं नाही. इंटरनेटवरच्या त्या मदतीच्या ठिकाणी अजून जाते. तिथं अधूनमधून कोणीतरी लिहितं की अपग्रेड केल्यावर आमची अक्षरं विचित्र दिसायला लागली, काय करू? मी लगेच उत्तर लिहिते: काहीही करू नका. आहे त्याची प्रत काढून वेगळ्या नावानं ठेवा आणि मगच पुढचं बघा. लोक आभार मानतात. एकदा एकीनं विचारलं, तुम्हाला हे इतकं पक्कं कसं माहीत? मी ते पान बंद केलं.

दिवाळीत मी काकांना फोन करते. पहिल्या वर्षी काकूंनी उचलला, म्हणाल्या, बांधीत गेले. दुसऱ्या वर्षीही बांधीत गेले होते. यंदा मी सकाळी लवकर केला. काकूंनीच उचलला. "ते नाही ना घरी," त्या म्हणाल्या. मागून काकांचा आवाज स्पष्ट येत होता, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनवाल्याला ते सांगत होते की पट्टा ढिला आहे, आधी तो आवळ, मग चालू कर.

मी म्हटलं, "बरं, काकू. फोन आला होता म्हणून सांगा."

"सांगतो," त्या म्हणाल्या.